सभासदाने स्वतः हजर राहावे

भिमाजीराव जिवंत आहेत हे मला चांगलं माहीत होतं. आमच्या वाचनालयाच्या संगणकाने त्यांचं निधन झाल्याचं कळवलं, त्याच दिवशी सकाळी मी त्यांना दुधाच्या पिशव्या घेऊन जाताना पाहिलं होतं. त्यांनीही मला पाहिलं आणि मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे गेले. जानेवारीपासून आमचं बोलणं बंद होतं.

रहाटणीत विरंगुळा केंद्राला लागून एक खोली आहे, तिथे आमचं वाचनालय चालतं. सभासद बहुतेक रिटायर झालेले कंपनीवाले आणि त्यांच्या बायका. मी शाळेत ग्रंथपाल होते, म्हणून मला सगळे 'बाई' म्हणतात आणि थोडे घाबरतात. घाबरलेलं बरं असतं. सभासदत्व संपलं की ही मंडळी नातवाला पाठवायची आणि नंतर 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची. म्हणून मी दारावर माझ्या अक्षरात पाटी लावली: 'नूतनीकरणासाठी सभासदाने स्वतः हजर राहावे.' आजारपण, लग्न, गावची जत्रा, कशालाही सूट नाही.

निम्मी पुस्तकं ज्योतीरामची. ज्योतीराम लातूरकडून नोकरीसाठी आला आणि भिमाजीरावांच्या चाळीत खोली घेऊन राहिला. दोघे एकाच कंपनीत, टूलरूममध्ये, एकाच शिफ्टला. त्याने लग्न केलं नाही, जेवायला भिमाजीरावांच्या बायकोकडे, रंभावहिनींकडेच असायचा. दर रविवारी पुण्याला जाऊन जुनी पुस्तकं आणायचा आणि त्यांना कंपनीतल्या रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या कागदाची कव्हरं घालायचा. फिकट निळा कागद, त्यावर गिअरच्या नाहीतर बुशच्या रेघा. दोन वर्षांपूर्वी तो गेला. गावाकडून पुतण्या आला, कुकर, पंखा आणि कॉट घेऊन गेला. पुस्तकं राहिली. ती भिमाजीरावांनी टेम्पोत घालून इथे आणली, आणि वाचनालय खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झालं.

पुस्तकं शोधायची भिमाजीरावांची पद्धत म्हणजे ते स्वतः. 'शालनबाईंनी दिल्याल्या कपाटात खालच्या फळीला बगा', 'त्ये ज्योतीरामचं, फाटक्या कव्हराचं'. ते खुर्चीत असले की सगळं सापडायचं. ते भाचीच्या लग्नाला चार दिवस गेले तेव्हा एकही पुस्तक सापडलं नाही, आणि मी संगणक आणायचं ठरवलं.

माझी भाची तनुजा हिंजवडीत नोकरीला आहे, मारुंजीत मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. तिने वाचनालयासाठीचं एक सॉफ्टवेअर आणून जुन्या संगणकावर बसवलं.

"केवढ्याला?" भिमाजीरावांनी विचारलं.

"फ्री आहे, काका."

"फुकट?" त्यांचा चेहरा पडला. "मग त्यात कायतरी गोम आसनार."

"फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं. हे मोकळं आहे. कुठलंही वाचनालय ते घेऊ शकतं, आपल्याला हवं तसं बदलू शकतं. बदल चांगला असला तर तो बाकीच्यांनाही मिळतो."

"कंपनी कंची म्हनायची?"

"कंपनी नाही. जगभरातली माणसं मिळून करतात."

हे मात्र त्यांना आवडलं. नव्या पुस्तकाच्या पाठीवरच्या पट्ट्यांवर फोन धरला की नाव, लेखक, पानं सगळं कुठल्यातरी दूरच्या ग्रंथालयातून आपोआप यायचं, ते बघायला ते केंद्रातल्या मंडळींना हाताला धरून आणायचे. पण ज्योतीरामच्या जुन्या पुस्तकांवर त्या पट्ट्या कुठल्या? ती हाताने भरावी लागली. ते वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायची. खारे शेंगदाणे खात खात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही तेच केलं. ते दिवस फार छान गेले, हे मला नंतर कळलं.

भरून झाल्यावर भिमाजीराव म्हणाले, "आता ह्या समद्यांवर लिवा, ज्योतीरामचं म्हनून."

"कुठे लिहू? लेखकाला खाना आहे, प्रकाशकाला आहे, वर्षाला आहे. ज्योतीरामला खाना नाही."

"आवो पर पुस्तकं त्याची हायेत."

"होती. आता ती वाचनालयाची आहेत. कुणाची होती याने काय फरक पडतो?"

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "मग बगा तुमचं तुमी," म्हणाले आणि निघून गेले. मी अडवलं नाही. नियमाच्या बाजूने बघितलं तर मी बरोबरच होते.

ते परत यायचं नाव घेईनात. मला वाटलं होतं, चार दिवसांत येतील. मग वाटलं, आठवड्यात येतील. महिना गेला. आता संगणकावर पुस्तक दोन मिनिटांत सापडायचं आणि बोलायला कुणी नसायचं. मला त्यांची फार आठवण यायची. पण जाऊन बोलवायचं म्हणजे आपलं चुकलं असं कबूल करायचं, आणि ते माझ्याच्याने होईना.

याच दिवसांत तनुजाने आणखी एक काम अंगावर घेतलं. त्या सॉफ्टवेअरचं मराठी अर्धवट होतं. पडद्यावर निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, आणि आमचे सभासद बुचकळ्यात. भाषांतर कुणीही करू शकतं, इंटरनेटवर त्याची वेगळी जागा आहे. एकेक सुटा शब्द समोर येतो, मागचं-पुढचं काही दिसत नाही, आपण मराठी लिहायचं. तनुजा इंग्रजी शाळेत शिकलेली, अडली की मला फोनवर विचारायची.

एका रविवारी मी काळेवाडीला एका घरी भेटून येत होते. तिथे मैत्रिणीचे सासरे वारले होते. रिक्षात बसले तोच तनुजाचा मेसेज आला: 'मावशी, एक्स्पायर्डला मराठीत काय लिहू? आदराने हवंय.' आता आपल्याकडे माणूस गेला की शिकलेली मंडळीसुद्धा 'एक्स्पायर झाले' म्हणतात. मला वाटलं, तिच्या ऑफिसात कुणाचं काही झालं असेल. मी लिहिलं, 'निधन लिही. एक्स्पायर म्हणू नये, बरं दिसत नाही.' ती एवढ्या चांगुलपणाने विचारते याचं मला कौतुकही वाटलं.

आमचं सगळ्यांचं सभासदत्व एकतीस मार्चला संपतं. एक एप्रिलला सकाळी संगणकाने आपल्या मनाने सगळ्यांच्या फोनवर मेसेज पाठवला:

'प्रिय सभासद, आपले निधन झाले आहे. नूतनीकरणासाठी स्वतः हजर राहावे.'

दुसरं वाक्य माझं. पाटीवरचं तेच यातही घाल, असं मीच तनुजाला बजावलं होतं.

मी खोली उघडायला गेले तर दारात रांग. सगळ्यात पुढे अण्णासाहेब, हातात आधार कार्ड, पासबुक आणि नोव्हेंबरात काढलेल्या हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स.

"बाई, हे बँकेला कळवलं नाही ना तुम्ही? पेन्शन थांबेल हो."

गोजाबाई तर लाल काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. "नवंपनाला सोता यायचं म्हनलंय, म्हनून आले. निगताना सुनंला सांगितलं, जाऊन येते, लई येळ न्हाई लागायचा." सगळी रांग हसली. काहींना एप्रिल फूल वाटलं आणि मी इतकी गमतीदार आहे याचं आश्चर्य वाटलं. मी प्रत्येकाला समजावत होते, माफी मागत होते, आणि दर वेळी दाराकडे बघत होते. सगळे आले. भिमाजीराव तेवढे आले नाहीत.

दुपार झाली तशी मला काळजी वाटायला लागली. त्यांना हृदयाचा त्रास. त्यात आमचं भांडण. हे मी ठरवून पाठवलं असं त्यांना वाटलं असेल तर? मी कुलूप लावलं आणि जवळजवळ पळतच निघाले. मान, नियम, सगळं त्या खोलीतच राहिलं.

दारात रंभावहिनी साखरेचा डबा घेऊन उभ्या. "या बाई. मयताला आलाव व्हय?"

"वहिनी, अहो चुकून—"

"चुकून तर चुकून. खोटी बातमी आली म्हंजी आयुष्य वाढतंय. सकाळधरनं त्येंच्या तोंडात साखर घालती हाय. शुगर हाय त्यास्नी, पर आज काय बोलत न्हाई मी." त्यांनी माझ्याही हातावर चिमूटभर साखर ठेवली.

भिमाजीराव आत खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघितलं नाही.

"चुकून गेला तो मेसेज," मी म्हटलं. "शब्द चुकला. तुम्हाला दुखवायचं माझ्या मनात नव्हतं."

"म्हाईत हाय. माज्या फोनवर आला तवा लई हसलो मी." मग त्यांनी खिशातून दुसरा फोन काढला. जुना, बटणांचा. "मंग ह्यो वाजला."

तो ज्योतीरामचा फोन होता. पुतण्याने नेला नव्हता. भिमाजीराव त्यात दर खेपेला रिचार्ज मारतात, हे मला वहिनींनी तिथेच सांगितलं. कुणाचा फोन येत नाही, तरी मारतात. ज्योतीराम आमचा जुना सभासद, आणि जुन्या वहीतली यादी संगणकात उतरवताना त्याचं नाव काढायचं राहूनच गेलं होतं.

"प्रिय सभासद, आपले निधन झाले आहे," त्यांनी वाचलं. "दोन वर्सांनी कळवलं व्हय तुमच्या मशिनीनं? आन् फुडं काय, तर सोता हजर राहावं."

ते हसत नव्हते. मी खाली चटईवरच बसले. मनात होतं ते बोलले. "भिमाजीराव, तुमच्याशिवाय तिथे करमत नाही मला. फरक पडत नाही म्हणाले होते मी. पडतो."

त्यांनी फोन परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "ती पोरगी म्हनत हुती, मोकळं हाय, पायजे तसं बदलता येतंय. मंग मोकळ्यात एक खाना वाडत न्हाई व्हय?"

मी तिथूनच तनुजाला फोन लावला.

"वाढतो की मावशी," ती म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस."

रविवारी तनुजा आली. आधी तिने 'निधन' काढून 'मुदत संपली' घातलं आणि भाषांतराच्या त्या जागेवर पाठवून दिलं. आता मराठीत हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कुणालाही त्याचं वाचनालय मारणार नाही. मग नवा खाना केला. त्याचं नाव काय ठेवायचं यावर अर्थातच वाद झाला. मी 'दाता' सुचवलं.

"दाता कशापायी?" भिमाजीराव म्हणाले. ते आपल्या जुन्या खुर्चीत बसले होते, मांडीवर शेंगदाण्याची पुडी. "त्यो काय देऊन ग्येला? त्याला वाचायची हुती आजून. 'कुणाचं' लिवा."

तर खान्याचं नाव 'कुणाचं'. पण त्यात नाव आपल्या मनाने लिहिता येत नाही. तनुजाने ते चालू सभासदांच्या यादीतून घ्यायचं ठेवलं होतं, म्हणजे चुका होणार नाहीत. ज्योतीरामचं नाव करड्या रंगात आलं. समोर 'मुदत संपली. वाढवायची का?' आणि खाली आणखी एक प्रश्न: 'सभासद स्वतः हजर आहे का?'

तनुजा माझ्याकडे बघायला लागली. हा प्रश्नही मीच घालायला लावला होता. "काढून टाकू का?" तिने हळूच विचारलं. "एका मिनिटाचं काम आहे."

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते.

"ऱ्हाऊ द्या," भिमाजीराव म्हणाले. "बाईंचा नियम हाय."

ते उठले, फळीपाशी गेले. निळ्या कव्हरांवरून बोट फिरवत एक पुस्तक काढलं, खांद्यावरच्या उपरण्याने पुसलं आणि आणून माझ्यापुढे ठेवलं. कव्हरवर कुठल्यातरी गिअरचे दाते होते, आणि कोपऱ्यात ज्योतीरामच्या तिरक्या अक्षरात त्याचं नाव. भिमाजीरावांनी त्या नावावर हात ठेवला.

"हजर हाय," ते म्हणाले.

मी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि 'हो' दाबलं. ज्योतीरामची मुदत पुढच्या एकतीस मार्चपर्यंत वाढली. नियम मोडला असं मला अजूनही वाटत नाही.