जुनी मयूर, नवी मयूर

“काका, हात जरा शेकून घ्या. थंडी किती आहे बघा,” म्हणत साकेतनं हीटर पुढं सरकवला.

गुलाबरावांनी दोन्ही हात हीटरसमोर धरले. उजवा शांत होता. डावा थरथरत होता आणि शेकूनही थरथरतच राहिला. थंडीचा याच्याशी काही संबंध नाही हे दोघांनाही कळत होतं. पण साकेत पुण्याच्या चांगल्या घरातला मुलगा, त्यानं म्हाताऱ्या माणसाची लाज राखली. गुरुग्रामच्या त्या काचेच्या ऑफिसात बाकी कुणाला तेवढी सवड नव्हती.

समोर सोफ्यावर दोन गिटारी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही ‘मयूर’. मयूर ही एकेकाळी दिल्लीतच तयार होणारी इलेक्ट्रिक गिटार. कारखाना बंद पडला, मालक वारला, लोक नावही विसरले. आणि आता साकेतच्या कंपनीनं तीच गिटार पुन्हा बाजारात आणायची ठरवली होती. त्यासाठी अस्सल जुनी मयूर हवी होती. शोधता शोधता ती सापडली फरीदाबादला, लष्करी बँडमधले निवृत्त हवालदार गुलाबराव घोरपडे यांच्या पलंगाखाली. मापं घ्यायला म्हणून नेली ती आठ महिने कंपनीकडेच होती.

दोघींचा मोटारीसारखा हिरवा रंग तोच, जुन्या रेडिओला असायची तसली बटणं तीच, डोक्यावरचा पिसारा फुलवलेला मोर तोच. एक लग्नाला उभी आणि एक सासरी नांदून थकलेली, एवढाच काय तो फरक. जुनीचा रंग गुलाबरावांच्या कोपराखाली उडून लाकूड उघडं पडलं होतं. नवीचाही नेमका तिथंच उडालेला होता.

“हे काय? नवी असून उडाला रंग?”

“मुद्दाम उडवलाय काका. लोकांना तसंच आवडतं, व्हिंटेज लुक.”

“माझ्या कोपराला बावीस वर्षं लागली रे बाबा.”

“आमच्याकडे मशीन आहे ना,” साकेत म्हणाला. त्यात त्याला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

गुलाबरावांनी नवी मांडीवर घेऊन पाहिली. नवी हलकी होती. जुनीची मान बॅटच्या मुठीसारखी जाड, हिची हातात नीट मावत होती. जुनीला वायर जोडली रे जोडली की ती बाटलीत माशी अडकावी तशी गुणगुणायची, तारांवर तळवा ठेवल्याशिवाय गप्प बसायची नाही. नवी आपली गप्प, वाजवाल तेव्हाच वाजणारी. गुलाबराव उगाच जुन्याचे गोडवे गाणारे नव्हते. “चांगली केलीय,” ते मोकळेपणानं म्हणाले. “आमच्या वेळी अशी असती तर बँडमास्तरांच्या निम्म्या शिव्या वाचल्या असत्या.”

रविवारी एका मॉलच्या सभागृहात नव्या मयूरचा कार्यक्रम होता. बेत असा की रंगमंचावर पडदा लावायचा, पडद्याआड दोन वादक बसवायचे, एकाकडे जुनी, एकाकडे नवी. दोघांनी एकच धून वाजवायची आणि कुठली जास्त आवडली ते लोकांनी हात वर करून सांगायचं. जुनी गुलाबराव वाजवणार होते. नवी वाजवणार होता अंशुमन, तोही तालमीला ऑफिसात आला होता. हा मुनिरक्यात खोली घेऊन राहणारा, दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा. मराठी सगळी समजायची, बोलायला लागला की हिंदीवर घसरायचा.

धून गुलाबरावांचीच होती. मेसमध्ये साहेब लोक जेवायला उठायच्या आधी वाजायचा तो संथ वॉल्ट्झ, इंग्रजी नाचाचा तुकडा. त्याची एक जुनी कॅसेट गुलाबरावांनी दिली होती, ती ऐकून ऐकून अंशुमननं सूर बसवले होते.

“अंकल, बाकी सब हो गया. पण तो लास्टवाला सूर तुम्ही इतका लंबा कसा ओढायचे? माझा मरून जातो यार.”

“दाबून धरतोस म्हणून मरतो. मांडीवर पोर झोपलं की आई खालून हात कसा काढते? तसं बोट ठेवायचं. हलतं ठेवायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही. बघ.”

गुलाबरावांनी दाखवायला नवीवर बोट ठेवलं. बोट तारेवर तडतडलं, सूर दोनदा खरखरला आणि मेला. त्यांनी तोंडानंच गाऊन दाखवला मग. तिसऱ्या खेपेला अंशुमनला तो जमला. सूर खोलीभर तरंगत राहिला, संपला कधी ते कळलंही नाही. “शाब्बास!” गुलाबराव ओरडले. खरंच आनंद झाला होता त्यांना.

या सुराची एक गोष्ट होती आणि गुलाबरावांना ती सांगितल्यावाचून राहवलं नाही.

लष्कराच्या बँडमधला माणूस सकाळी परेडला पितळी वाद्य फुंकतो, संध्याकाळी मेसमध्ये पार्टी असली की काळा कोट घालून डान्सची गाणी वाजवतो आणि लढाई लागली की स्ट्रेचर उचलतो. गुलाबरावांनी तिन्ही केलं. श्रीलंकेत होते तेव्हा गिटार पेटीत होती आणि हातात स्ट्रेचरचे दांडे. त्या दिवसांबद्दल ते घरीसुद्धा बोलत नसत. मेसमध्ये त्यांचं वाजवणं कुणी ऐकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. साहेब लोक बोलत असायचे, काटेचमचे वाजत असायचे.

ऐकणाऱ्या बाहेर असायच्या. जवानांच्या बायकांना मेसमध्ये मज्जाव. दिल्ली कँटोन्मेंटमध्ये मेसच्या मागं मेंदीचं कुंपण होतं, त्याला लागून बँडवाल्यांच्या बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या राहायच्या, त्यांत गुलाबरावांच्या कृष्णाबाईही. दिसायचं काही नाही, नुसतं ऐकायचं. गिटार वाजवणारे दोघं होते, गुलाबराव आणि अंबादास, आलटून पालटून वाजवायचे. बायकांचा खेळच होता तो. “सांग कृष्णे, आता कोण?” कृष्णाबाई सांगायच्या, “अंबादासभावजी.” किंवा मग मान खाली घालून, “आमचे.” घरी आल्यावर अंबादास आणि गुलाबराव पडताळा घ्यायचे. कृष्णाबाई एकदाही चुकल्या नाहीत. आणि वॉल्ट्झचा शेवटचा सूर गुलाबराव लांबवायचे तो कुंपणापलीकडच्या माणसासाठी. आता संपलं, तू घरी जाऊन भाकरी टाक, असा त्याचा अर्थ.

“वॉव काका!” साकेत खुर्चीत सरसावून बसला. “काकू येतायत ना रविवारी?”

“येणार तर. त्यांनाच विचार की तू. पडदा बंद असतानाच विचार. डोळे झाकून सांगतील.”

बोलून गेल्यावर गुलाबरावांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. पण शब्द मागं घेतला नाही. लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, थरथर गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. हात गेला हे त्यांनी मनोमन मान्य केलं होतं. पण हाताखेरीज आपल्या वाजवण्यात आणखी काहीतरी असतं, आणि हात लटपटला तरी ते एका माणसाला ओळखू येतं, एवढं त्यांना एकदा चारचौघांत ऐकायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी. पेन्शन लागल्यावर फरीदाबादच्या एका कारखान्याच्या गेटवर पंधरा वर्षं सिक्युरिटीत काढली, तिथं तर त्यांना गिटार येते हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

घरी कृष्णाबाईंना त्यांनी पडद्याचं सांगितलं. त्या हरखल्या. पुण्याला लेकीला, ममताला, लगेच फोन झाला. “अगं, मला ओळखायचंय म्हणे यांना. जसं काही अवघडच आहे!”

“अहो, पण हात?” फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

“गिटार धरली की थांबतो,” गुलाबराव म्हणाले. गिटार आठ महिने घरात नव्हती. कृष्णाबाईंनी विश्वास ठेवला.

रविवारी सभागृह भरलं होतं. बहुतेक तरुण मंडळी, दाढ्यावाली, हातात कॉफीचे पेले. पहिल्या रांगेत मधोमध नारायणपेठी नेसलेल्या कृष्णाबाई, मांडीवर पिशवी घट्ट धरून. पडद्याआड दोन खुर्च्या होत्या. पडद्याबाहेर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन मोठ्या पाट्या. गुलाबराव ‘ए’मागं बसले. सकाळीच एक गोळी जास्त घेतली होती त्यांनी, कुणाला न विचारता.

जुनी मयूर जोडल्या जोडल्या गुणगुणली. त्यांनी तळवा ठेवला, ती गप्प झाली. मग वॉल्ट्झ सुरू झाला. पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. आठ महिन्यांनी ती जाड मान हातात आली होती आणि हाताला ती आठवत होती. मधल्या चढाला बोटं एकदा घसरली, पुन्हा घसरली. सूर खरखरायला लागले. त्यांनी दात आवळले. उजवा हात बिचारा आपलं काम चोख करत होता, डाव्याला त्याचं काही नव्हतं. शेवटचा सूर आला. बोट ठेवलं, तार तडतडली आणि सूर तुटला. मागं राहिली नुसती गुणगुण. पलीकडून सभ्य टाळ्या पडल्या.

मग अंशुमननं वाजवलं. गुलाबराव मान खाली घालून ऐकत होते. चढ सहज गेला, उतार सहज गेला. शेवटचा सूर त्यानं शिकवल्याबरहुकूम ठेवला, झोपलेल्या पोराला जराही न जागवता. तो इतका चांगला ठेवला की क्षणभर गुलाबरावच मेसच्या त्या कोपऱ्यात काळा कोट घालून उभे होते. मग त्यांना एकदम लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. पण पडद्याबाहेर साकेतचा आवाज सुरू झाला होता.

“दोस्तों, वोटिंग से पहले एक स्पेशल जज! ये हैं कृष्णाबाईजी. बीस साल इन्होंने अपने पति को दीवार के पीछे से सुना है. काकू, सांगा, तुमचे काका कुठले? ए की बी?”

थांबा, असं ओरडावंसं वाटलं गुलाबरावांना. पण जिभेआधी कान धावला. कृष्णाबाईंचं उत्तर त्यांनाही ऐकायचंच होतं. कुणी सांगावं, तिनं ओळखलंही असेल.

“दुसरं,” कृष्णाबाई म्हणाल्या. माईकवर त्यांचा आवाज केवढा तरी मोठा झाला, आणि त्यात हसू होतं. “बी. ते आमचे. शेवटावरून लगेच कळतं.”

“सुना आपने? घरवाली ने भी नई मयूर चुनी!” साकेत ओरडला आणि पडदा सरकला.

सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या, शिट्ट्या झाल्या. हसण्यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, हेच वाईट होतं. ‘ए’च्या मागं जुनी मयूर मांडीवर घेऊन गुलाबराव बसले होते. त्यांचा डावा हात उगाचच तिच्या मानेवर उड्या मारत होता. कृष्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, अंशुमनकडे पाहिलं, पुन्हा त्या हाताकडे पाहिलं. हातातला माईक अजून चालू होता.

“नाही... थांबा हो... चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. पण तेवढ्यात कुणीतरी हसत हसत माईक काढून घेतला. मतदानात नवी जिंकली हे सांगायला नकोच.

नंतर साकेत धावत आला. “काका, काकूंचा तो सीन म्हणजे कमाल! उद्याच टाकतो ऑनलाइन. यापेक्षा चांगली जाहिरात आम्ही लिहून काढली नसती.”

“तेवढं दाखवू नका ना हो,” कृष्णाबाई म्हणाल्या. “मी चुकले ते कशाला लोकांना दाखवायचं?”

“अहो काकू, त्यातच तर मजा आहे!”

अंशुमन लांब उभा होता. तो पुढं आला, गुलाबरावांच्या पाया पडला आणि गेला. त्याला कळलं होतं. त्या सबंध गर्दीत बहुधा त्याला एकट्यालाच.

परतीच्या मेट्रोत गुलाबरावांनी जुनी मयूर पिशवीसकट दोन गुडघ्यांत धरली होती. सेंट्रल सेक्रेटरिएटला गाडी बदलली, बदरपूर मागं पडलं. अखेर कृष्णाबाईच म्हणाल्या, “त्यानं शेवट हुबेहूब तुमच्यासारखा केला हो.”

“मीच शिकवला त्याला.”

“मला आधी सांगायचंत तरी. हात थांबत नाही हे सांगायचंत.”

गुलाबरावांनी पिशवी गुडघ्यांत आणखी घट्ट धरली. काय सांगणार? आधी सांगितलं असतं तर तिनं हात ओळखला असता. त्यांना हात सोडून उरलेलं काय आहे ते हवं होतं, आणि उरलेलं काही नव्हतं. जे होतं ते अंशुमनकडे गेलं होतं, त्यांनीच दिलं होतं. कृष्णाबाईंचा कान तर मुळीच चुकला नव्हता.

फोन वाजला. ममताचा होता. गुलाबरावांनी उचलला.

“बाबा! कसा झाला कार्यक्रम? आईनं ओळखलं का?”

शेजारी कृष्णाबाई ताठ झाल्या. ममताचा आवाज फोनमधून त्यांनाही ऐकू येत होता. उद्या तो सीन ममतालाही दिसणार होता, तिच्या सासरच्यांनाही दिसणार होता. गुलाबरावांना हे कळत नव्हतं असं नाही.

“ओळखलं,” ते म्हणाले. “पहिल्याच सुरात.”

“मला माहीतच होतं! आणि कुठली चांगली वाजते मग? आपली का ती नवी?”

“नवी चांगली आहे गं,” गुलाबराव म्हणाले. “आता नवीच वाजवतील सगळे. बरं, स्टेशन येतंय, ठेवतो.”

स्टेशन यायला अवकाश होता. त्यांनी फोन कानापासून काढला आणि बंद करायला गेले. डाव्या हाताचा अंगठा लाल बटणाच्या इकडं पडला, तिकडं पडला, बटणावर काही येईना. आतून ममता “बाबा? हॅलो, बाबा?” करत होती. कृष्णाबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला, बंद केला आणि आपल्या पिशवीत ठेवला.