मागच्या बाजूचे चार पॉइंट

मामांचा उजवा खांदा आखडला, तेव्हा घरात सगळ्यात मोठा फटका रेल्वेला बसला.

मागच्या खोलीत भिंतीला लावून मामांनी छोटी रेल्वे मांडली होती. दोन पलंगांएवढं टेबल, त्यावर दोन स्टेशनं, एक गुदाम, एक बोगदा, एक डोंगर. मामा आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवत आले होते, त्यामुळे डोंगर कवळीच्या प्लास्टरचा होता आणि स्टेशनांची छपरं हिरडीसारखी गुलाबी. रूळ जिथे दुभंगतात आणि गाडी कुठल्या वाटेने जाणार ते ठरतं, ते पॉइंट मामा बोटाने सरकवायचे. पुढचे सहा हाताशी होते. मागचे चार डोंगराच्या पलीकडे, भिंतीलगत. तिथे हात पोचेना. एकदा छत्रीच्या मुठीने प्रयत्न करून झाला. पॉइंट जागचा हलला नाही, पण स्टेशनमास्तर डोंगरावर जाऊन पडला.

"नुसती गोल गोल फिरणारी गाडी म्हणजे पंखा," मामा म्हणाले. "पंखा घरात आहे." आणि त्यांनी छोट्या रेल्वेच्या हौशी लोकांच्या क्लबच्या सेक्रेटरींना फोन करून टाकला, की सगळं घेऊन जा.

हे ऐकून भाची मध्ये पडली. ती नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. म्हणजे मिक्सर बिघडला, तर तो दुरुस्त न करता का बिघडला हे सांगण्याइतकी तयारी झाली होती.

"मामा, त्या चारांना मोटर बसवू. इथे पुढे चार बटणं. दाबलं की पॉइंट सरकला. दोन दिवसांचं काम."

"थिअरी," मामा म्हणाले. घरात तिला हेच नाव पडलं होतं. "तुझे दोन दिवस म्हणजे साधारण किती?"

सेक्रेटरी भला माणूस. त्यांनी सहा आठवडे थांबायचं कबूल केलं.

आता एखाद्याने दुकानात जाऊन चार मोटर आणल्या असत्या. तिने तीन जातींची एकेक आणली. पहिली तारेच्या दोन वेटोळ्यांची, म्हणजे दोन कॉइलची. वीज मिळताच एका झटक्यात खट् करून पॉइंट फेकणारी. दुसरी हळू चालणारी, खऱ्या रेल्वेसारखी दोन सेकंद घेऊन अदबीने सरकवणारी. तिसरी खेळण्यातल्या विमानाची शेपटी हलवते तसली, स्वस्त आणि हुशार, पण चालू करताच अंगात आल्यासारखी थरथरणारी. तिन्ही एका फळीवर ठोकून तिने प्रत्येकीकडून हजार वेळा पॉइंट सरकवून घेतला. तपमान, आवाज, लागणारा वेळ, चुकांचं प्रमाण, असे अकरा रकाने भरले. पाचव्या आठवड्यात तिला शंका आली, की खोलीतल्या दमटपणाचा परिणाम होत असेल. म्हणून दोनशे वेळा पुन्हा.

"अगं, सून निवडायला तुझ्या आजोबांनी एवढा वेळ घेतला नव्हता," मामी म्हणाली.

"म्हणूनच," मामा म्हणाले.

"म्हणूनच काय? बोला ना पुढे."

मामांनी मालगाडीचे डबे पुसायला घेतले.

निकाल लागला: हळू चालणारी. शांत, सभ्य, हजारात एकही चूक नाही. दोन कॉइलवाली आवाजाच्या रकान्यात नापास झाली. तिने आणखी तीन सभ्य मोटर मागवल्या. त्या शुक्रवारी आल्या. सेक्रेटरी रविवारी येणार होते.

शनिवारी सकाळी बॅटरी घेऊन ती पहिल्यांदाच टेबलाखाली शिरली. पहिल्यांदाच, हे खरं आहे. सहा आठवड्यांत तिने टेबलावरची प्रत्येक गोष्ट दशांश मिलिमीटरपर्यंत मोजली होती, पण मोटर बसणार होती खाली. आणि खाली, चारपैकी तीन पॉइंटांच्या बरोबर पोटाशी, मनगटाएवढी जाड लाकडी पट्टी आडवी गेलेली होती.

"मामा, ही पट्टी कसली?"

"तिथे फळी झोल खात होती. मीच मारली, बरीच वर्षं झाली."

"सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू विचारलंस, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा."

पट्टी कापावी तर टेबल वाकणार. सभ्य मोटर वर ठेवावी तर ती डोंगराएवढी दिसणार. ती टेबलाखालीच बसून राहिली. तिथे अंधार होता, आणि तोंड दाखवायला जागा नव्हती, तेव्हा ते सोयीचंच होतं. वरून मामांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "राहू दे गं. क्लबात चार लोक खेळतील तरी."

हे मात्र तिला सहन झालं नाही. ती बाहेर आली आणि धावत दुकानात जाऊन नापास झालेल्या जातीच्या आणखी तीन मोटर घेऊन आली. त्या चपट्या होत्या. रुळाच्या बाजूला, टेबलावरच बसत होत्या. मग तिने टेबलावर फळी आडवी टाकली, तिच्यावर पालथी पडली, आणि पाय खोलीत, डोकं डोंगरापलीकडे, अशा अवस्थेत स्क्रू पिळत राहिली. मामांनी डाव्या हाताने कवळीच्या गुलाबी रेझिनच्या चार झोपड्या घडवल्या, मोटर झाकायला. वेडीवाकडी झाली तरी चालतील म्हणाले आणि प्रत्येकीला कानशीने घासत बसले.

पहिलं बटण दाबताच डोंगरामागून आवाज आला. खट्!

"हां!" मामांचा चेहरा उजळला. "कळलं की सरकला म्हणून. मला तिथलं दिसतं कुठे? मी आजवर बोटाने ओळखायचो, आता कानाने."

तिने आवाजाचा रकाना आठवला आणि दुसरा स्क्रू उचलला.

रविवारी सेक्रेटरी दोन दोर आणि जुन्या चादरी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा टेबलाखालून चौथ्या मोटरची तार नुकतीच लागली होती. मामा खुर्चीत बसले होते, डावा हात बटणांवर. "एक फेरी बघून जा," ते सेक्रेटरींना म्हणाले. पाहुण्याला चहा विचारावा इतक्याच सहज.

पॅसेंजर गाडी निघाली. खट्. बोगद्यातून बाहेर, खट्, डोंगराला वळसा, खट्, आणि चौथ्यावर फलाटाकडे वळायची ती सरळ गुदामात घुसली. बारा प्रवासी, एक इंजिन, एक गुलाबी भिंत.

भाचीने डोळे मिटले. तीन हजारांवर चाचण्या, आणि दोन तारा उलट.

मग मामा हसू लागले. खांदा दुखेपर्यंत हसले, खांदा धरून हसले. "अहो, अपघात झाला! किती महिन्यांनी अपघात झाला इथे!" त्यांनी सेक्रेटरींच्या हातातला दोर काढून घेतला आणि खुर्चीखाली टाकला. "हे नेता येणार नाही हो आता. लाइन चालू आहे. बसा, मालगाडी तुम्ही घ्या. आणि थिअरी, तू खाली जा. उलटं लागलंय."

ती टेबलाखाली गेली.

"मामा, मी तारा बदलेपर्यंत बटण दाबू नका."

"नाही दाबत."

खट्.

"मामा!"

"एकदाच. बघत होतो."

खट्, खट्. हे दुसऱ्या टोकाचं बटण होतं, आणि ते मामांनी दाबलेलं नव्हतं.

"बाळ, जरा घाई कर," सेक्रेटरी वरून म्हणाले. "माझी मालगाडी बोगद्यापाशी खोळंबली आहे."