बायकांच्या गॅलरीतली खिडकी

मी काचा बसवणारा माणूस. मला मसलती जमत नाहीत, एका जागी बसवत तर त्याहून नाही. तरी सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या ज्यू प्रार्थनाघराच्या, कमिटीने पाऊण तास बसवून ठेवलं. वरच्या बायकांच्या गॅलरीतल्या खिडकीला दुधी काच लावायची म्हणे. का, तर तिच्यातून समोरचं दुकान दिसतं आणि ते शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, उघडं असतं. दुकान माझ्या धाकट्या भावाचं. त्या शनिवारावरूनच चार वर्षांपूर्वी आमचं बिनसलं. घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.

खिडकी बुजवूनच टाका, असं कोणी तरी म्हणालं. त्यावर अध्यक्षांनी व्याख्यान दिलं: प्रार्थनेच्या जागेला बारा खिडक्या हव्यात, पूर्वजांच्या बारा कुळांच्या, अकरा करून कसं चालेल? आम्हा ज्यूंच्या पूर्वजांच्या जुन्या मंदिराच्या खिडक्या तर आतून अरुंद, बाहेरून रुंद होत्या; उजेड आत घ्यायला नव्हे, बाहेर द्यायला. आणि एवढं सांगून दुधी काचच कायम केली. आता याला काय म्हणावं? पण धाकट्यावर माझाही राग होताच. मी हो म्हणालो.

आईची जागा त्या खिडकीशी. गुडघे धरत एकवीस पायऱ्या चढते ती. लोकांना वाटतं केवढी भक्ती. ती कुणाला बघायला चढते ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी गुरुवारी काच बसवली. घरी सांगितलं तर आई म्हणाली, बरं झालं, धूळ दिसायची नाही. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी मी खाली पुरुषांत उभा होतो. पुस्तकात लक्ष लागेना, मान सारखी वर. तेवढ्यात दार ढकलून धाकटा आत आला, तसाच, दुकानातल्या कपड्यांत. सगळे वळून बघायला लागले. तो थेट माझ्यापाशी आला.

"दादा, आई आहे ना त्या काचेमागे? सकाळपासून बघतोय, काही कळेना."

चार वर्षं मी समजत होतो, बघणारी ती एकटीच.

"आहे," म्हणालो. पुरुषांनी तो जिना चढायचा नसतो. मी त्याचं मनगट धरलं आणि चढायला लागलो.