हातोड्याचा पुढचा दात

“हे पडलं, तर तुमचे बत्तीसच्या बत्तीस याच ट्रेमध्ये काढून ठेवीन,” हातोडा म्हणाला आणि आपला सुरा डॉक्टरच्या चिमट्यांशेजारी ठेवून खुर्चीत आडवा झाला. दारात त्याची पाच माणसं उभी होती. पाचही जणांनी माना डोलावल्या. गुंडाचा शब्द तो. त्यातून साक्षीदारांसमोर दिलेला.

आमचा दातांचा डॉक्टर म्हणजे झुरळ आडवं आलं तर त्यालाच ‘आधी तुम्ही’ म्हणणारा माणूस. हातोड्याच्या पुढच्या दाताचा निम्मा तुकडा आदल्या दिवशी मारामारीत उडाला होता. असा दात बांधण्यात एक गोम असते. तो ठणठणीत कोरडा करायचा नाही. किंचित ओलसर ठेवला, तरच चिकटवायचं औषध आत मुरतं. हे डॉक्टरनं झोपेतही सांगितलं असतं. पण शेजारी सुरा! नजर सुऱ्यावर आणि हवेची नळी दातावर तशीच चालू राहिली, दात सुकून उन्हातलं ढेकूळ झाला. त्यावर फिलिंग चढवून निळा दिवा दाखवला, तेव्हाच डॉक्टरला कळून चुकलं, की हे बसलेलं नाही, नुसतं टेकलंय.

“किती टिकेल?”

“आयुष्यभर,” डॉक्टर म्हणाला. कोणाच्या, ते बोलला नाही. “दर सहा महिन्यांनी दाखवून जा.”

मग जे झालं त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही अर्धाच बसतो. पहिल्याच महिन्यात हातोड्याच्या तोंडावर कोणीतरी लोखंडी खुर्ची घातली. खुर्चीचे चार पाय चार गल्ल्यांत सापडले, नाक उजव्या कानाशी बोलायला गेलं. दात जागच्या जागी! पुढं दगड झाले, साखळ्या झाल्या, एकदा तर चालत्या ट्रकचा आरसा त्यानं तोंडानं उतरवला. गाल फाटला, जबडा दोनदा तारेनं बांधला. दर सहा महिन्यांनी हातोडा हजर, आणि फिलिंग आरशासारखं चकचकीत. डॉक्टर लांबूनच बघायचा. दात तपासायच्या बारीक सळईनं टोचून पाहायची त्याची छाती नऊ वर्षांत झाली नाही.

लोक मात्र रांगा लावायचे. “हातोड्याला लावलंत, तेच लावा.”

“अहो, एवढं नाव झालं,” बायको म्हणायची, “मग दार वाजलं की तोंडावर हात का ठेवता?”

तिला काय सांगणार? तोंडातलं पाणी चांगल्या सांध्यातही वर्षागणिक झिरपतं, त्याला पोखरतं. मग आपल्या त्या पापाचं काय होत असेल, एवढाच हिशेब तो नऊ वर्षं करत होता.

हातोडा मेला, त्यात वाढवून सांगण्यासारखं काही नाही. मालधक्क्यावर भर दुपारी अकरा जणांनी त्याला गाठलं. त्यांच्या हातांत लोखंडी गज होते. चेहरा उरला नाही.

हवालदार डॉक्टरला शवागारात घेऊन आला. “डॉक्टरसाहेब, ओळखायला दुसरं काही नाहीच. तुमच्या वहीत तुम्ही बांधलेल्या दाताची नोंद आहे. तेच काम असलं, तर प्रेत बहिणीला देतो. नाहीतर बेवारस.”

हातोड्याची थोरली बहीण भिंतीशी उभी होती. डॉक्टरनं रक्त पुसलं आणि पहिल्यांदाच ती बारीक सळई दाताला लावली. सांधा कुठंच लागेना. कडा अशी उतरवलेली, की दात कुठं संपतो कळू नये. हे त्याचं नव्हतं. त्याच्याहून चांगल्या हाताचं होतं.

“हे मी केलेलं…”

“डॉक्टर,” बहीण पटकन जवळ आली. आवाज हवालदारापर्यंत जाऊ न देता म्हणाली, “तुमचं तिसऱ्याच दिवशी पडलं. दाणे खाताना. आपल्या त्या पाच पोरांसमोर बोलून बसला होता हो. त्यांना कळलं असतं, तर त्याला तुमचे दात पाडावे लागले असते. मग बाहेरगावी जाऊन बसवून घेतलं.”

“पण नंतर ती खुर्ची, तो ट्रक…”

“दर वेळी पडायचं. आठदा बसवलं. तुमच्याकडे दाखवायला यायचा, त्याच्या आदल्या दिवशी तिथं जाऊन चकचकीत करून यायचा. म्हणायचा, तो माणूस आधीच मेल्यासारखा बघतो माझ्याकडे.”

डॉक्टरनं सळई खाली ठेवली.

“काय साहेब?” हवालदारानं कागद पुढं केला. “तुमचंच ना काम?”

“माझंच,” डॉक्टर म्हणाला, आणि सही केली.

बहीण त्याच्या अंगावर घालायला चादर आणायला गेली. मोडलेला जबडा मिटत नव्हता. सोडला की खाली पडायचा. डॉक्टरनं तो तळव्यानं वर उचलला आणि ती येईपर्यंत तसाच धरून उभा राहिला.