पानाखालचा आकडा

शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासात अंकिता शिकवायला होती आणि दिवसातून सहा वेळा तिचा जीव जळायचा. घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून सकाळी क्लास उघडला की हजेरीच्या आधी ती रुपालीचा ब्लॉग उघडायची.

रुपाली तिची शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन दौंडला गेलेली. शाळेत निबंधात पहिला नंबर कायम अंकिताचा. रुपाली तिच्याच वहीतून उतरवून घ्यायची. आणि आता हीच बया इंटरनेटवर लिहीत होती. लिहायची तरी काय? नवऱ्याची कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी, डब्यात तसंच परत आलेलं कारलं, सासूबाईंनी कुठंतरी ठेवून विसरलेलं मिक्सरचं झाकण. असलं कोण वाचतं, असं म्हणत अंकिता शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. झाकणाचं पुढं काय झालं ते बघायला दुपारी परत उघडायची.

पानाच्या तळाशी वाचकांचा आकडा होता. पान उघडलं की तो एकानं पुढं सरकायचा. सकाळी पाचशे एक्क्याण्णव, संध्याकाळी पाचशे शहाण्णव. तो बघून अंकिताच्या पोटात दुखायचं. तिनं स्वतःही ब्लॉग काढला होता, स्त्री आणि एकविसावं शतक असले दोन भारदस्त लेख टाकले होते. आकडा तीनवर अडकला. खरं तर ते लेख तिलासुद्धा परत वाचवेनात. रुपालीनं पत्ता कळवला तेव्हा ‘वेळ मिळाला की बघते’ एवढंच ती म्हणाली होती आणि पुढं त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली. अंकिता क्लासचं कुलूप काढत होती तोवर रुपालीचा फोन आला. फराळाचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, ब्लॉग बंद करतीय.

अंकिताला आधी बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग तिनं कारण विचारलं.

"कुणीतरी रोज वाचत हुतं गं. दिवसात पाच-सहा येळा आकडा हलायचा. घरात मला कुणी काय इचारत न्हाई, पण तिथं कुणीतरी हाय, म्हणून लिहायची मी. दिवाळीचे चार दिवस आकडा जागचा हलला न्हाई. गेलं ते माणूस." मग ती म्हणाली, "तू तर एकदा बी उघडलं न्हाईस."

अंकिताच्या हातात अजून कुलूप होतं. चार दिवस ते क्लासच्या दाराला लागलेलं होतं. पोरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आत्ता कुठं प्रकाश पडला. गेले चार महिने ज्या वाचकांपायी ती जळत होती, ती सगळी गर्दी म्हणजे ती एकटीच होती.

रुपालीला कुणी वाचत नाही, ही बातमी तिला केव्हाची हवी होती. आता नुसतं गप्प बसलं तरी ब्लॉग आपोआप बंद पडला असता. पण मग उद्यापासून सकाळी उघडायचं काय, या विचारानं ती कासावीस झाली.

"रुपे," ती म्हणाली, "मिक्सरचं झाकण घावलं का गं?"



"तू व्हय?" रुपालीनं विचारलं.

"मीच. जळत हुते तुझ्यावर, म्हणून बघायची."

"मग जळत ऱ्हा," रुपाली म्हणाली. "झाकणाचं उद्या लिहिते."