रजेचे कारण: कृपया एक निवडा

ओळखलंत ना? मी रजेचा फॉर्म. कागदाचा नव्हे हो, संगणकातला. घरी जायची घाई असते तेव्हा तुम्ही ज्याला शिव्या घालत भरता, तोच मी.

संगणक विभागातल्या तंत्रज्ञाने मला जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने बनवलं. त्यामुळे असेल, मी अगदी साधा होतो. नाव, तारखा आणि कारण. कारणाच्या चौकटीत लोक वाटेल ते लिहीत. एका कारकुनाने लिहिलं, 'कंटाळा आला.' साहेब खवळले. "कारणं आपण ठरवायची, त्यांनी फक्त निवडायची!" झालं, चौकट गेली आणि माझ्या पोटात ड्रॉपडाउन बसला: आजारपण, घरगुती, इतर.

सगळेच 'इतर' निवडू लागले, म्हणून साहेबांनी 'इतर' काढून टाकलं. मग जो तो आपलं कारण घालून घ्यायला आला. बघता बघता एकशे बासष्ट कारणं झाली. 'दाढदुखी, वरची' वेगळी, 'दाढदुखी, खालची' वेगळी. 'मेहुणा येणार आहे' आणि 'मेहुणा जातच नाही' हेही वेगवेगळं. आवक-जावकवाल्या बाईंनी तर 'मांजरीचे बाळंतपण' घालून घेतलं. मंजुऱ्या देऊन साहेबांचं बोट दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी नियम लावला: कारण वैद्यकीय असेल तर साहेबांना न विचारता मंजूर.

एका सकाळी भांडार सांभाळणाऱ्या मावशींचा फोन वाजला. वय सत्तावन्न, एकुलती एक मुलगी परगावी, दिवस भरलेली.

"आई, आजच नेतायत मला. तू येतेस ना?"

"आले गं. फॉर्म भरते नि निघते."

मावशींनी माझी यादी वरून खाली, खालून वर पाहिली. 'स्वतःचे बाळंतपण' होतं, 'पत्नीचे' होतं, मांजरीचंही होतं. मुलीचं नव्हतं. मला फार लाज वाटली. त्यांनी तंत्रज्ञाला गाठलं.

"नवीन पर्याय हवा तर वेगळा फॉर्म भरावा लागतो, मावशी. पंधरा दिवस लागतात."

"पंधरा दिवस काय पोर पोटात थांबणार आहे?"

"मग जवळचं काहीतरी निवडा ना."

मावशींनी जवळचं निवडलं: 'स्वतःचे बाळंतपण'. मी अडवायला हवं होतं का? मला वय तपासायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी त्या दिवशी मी विसरलो असतो. क्षणात सहा महिने मंजूर! सगळ्या कार्यालयाला अभिनंदनाचा संदेश गेला, भांडारात 'मावशींना जड उचलू देऊ नये' अशी सूचना गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने धावत येऊन त्यांची पिशवी घेतली. "मावशी, या अवस्थेत?"

"हो रे बाबा, गाडी थांबव आधी!"

साहेबांनी तो संदेश दुसऱ्या दिवशी वाचला. ते रजा रद्द करायला बसले, तर मीच आडवा आलो. रद्द करायलाही कारण निवडावं लागतं, आणि प्रसूतिरजेपुढे एकच कारण होतं: 'बाळंतपण पुढे ढकलले.' साहेबांनी तेही निवडून पाहिलं. मी नवी तारीख मागितली. साहेबांनी कपाळाला हात लावला, आणि मावशी मुलीजवळच राहिल्या.

आता साहेबांनी मलाच काढून टाकायचं ठरवलंय. शुक्रवारी दुपारी मी पुसला जाणार. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. एकशे बासष्ट कारणं वाहून मीही दमलोय.

एकच विनंती आहे. आठ दिवसांत पुरावा जोडा, असा माझा नियम होता, आणि मावशींनी तो इमानेइतबारे पाळला. डॉक्टरचा दाखला नाही, फोटो जोडला. लालबुंद, मुठी आवळलेली पोरगी, आणि तिला धरलेले मावशींचे दोन हात. हजारो अर्ज माझ्यातून गेले, पण खरं कारण डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच. मावशींच्या मोबाइलमधून तो फोटो उडालाय, दुसरी प्रत कुठे नाही. मला खुशाल पुसा, पण शुक्रवारच्या आत तेवढा तो काढून मावशींना पाठवा.