भिंतीच्या मागे काय आहे?

त्या घरात कुणी अनवाणी चालत नसे. स्वयंपाकघर आणि कामाची खोली यांच्यामध्ये दार होतं, पण काचेच्या कपच्या दार मानत नाहीत. त्या ताटाखाली सापडत, उशीच्या अभ्र्यात सापडत, धुतलेल्या कपड्यांच्या घडीतसुद्धा सापडत. "या घरात चार पाहुणे परवडले, पण काच नको," असं सासूबाई रोज म्हणत आणि म्हणता म्हणताच झाडू हातात घेत.

घराचा धंदा काचचित्रांचा. रंगीत काचेचे नखाएवढे तुकडे पकडीने तोडायचे, कागदावर एकेक करून पालथे चिकटवायचे आणि तो कागद नेऊन भिंतीवरच्या सिमेंटच्या ओल्या मालात दाबायचा. माल वाळला की कागद भिजवून सोलून काढायचा, मग चित्र सुलटं दिसतं. शहरातल्या कितीतरी सार्वजनिक इमारतींवर या घराची चित्रं होती. ही कामं देणाऱ्या नगर कला मंडळाच्या यादीत घराची नोंद सासऱ्यांच्या काळापासूनची. ते गेल्यावर ती मुलाच्या नावावर झाली, विजेचं मीटर होतं तशीच.

सकाळचा चहा आटोपला की सूनबाई टेबलाशी बसे ती उन्हं उतरेपर्यंत. तेव्हाचं काम रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहासाठी होतं. नळावर पाण्यासाठी उभी असलेली माणसांची रांग, आणि मधोमध भरलेली बादली घेऊन निघालेली एक बाई, वजनाने एक खांदा खाली ओढला गेलेली. तिच्या हाताच्या बोटांपाशी सूनबाई आठवडाभर अडली होती. तुकडे लावायची, काढायची, पुन्हा लावायची.

नवरा पांढरा शर्ट घालून मंडळाच्या बैठकीला निघाला. दिसायला उमदा, बोलायला गोड. मंडळाला हवा असतो अगदी तसा कलाकार. पकड मात्र त्याच्या हातात धड बसत नसे. बापाने त्याला ती धरायला कधी शिकवलीच नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

"अहो, एक विचारून या हं," सूनबाई मान वर न करता म्हणाली. "त्या भिंतीच्या मागे काय आहे? मोरी, नळ, टाकी, असलं काही? भिंत ओली असेल तर आधी वेगळा थर द्यावा लागेल. मालही वेगळा लागेल."

"विचारतो ना."

"मागच्या खेपेलाही असंच म्हणालात."

"अगं, विचारतो म्हटलं ना!"

"नाहीतर मीच येते. हात लावून पाहिलं तरी कळेल मला."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "आपल्यात बाई भिंतीपाशी जात नाही."

झालं. विषय संपला. कागदापर्यंत बाई, भिंतीपासून पुरुष, ही त्या धंद्यातली जुनी रीत. फक्त त्याच घरातली नव्हे, काचचित्रं करणाऱ्या शहरातल्या सगळ्याच घरांतली. कुणी घालून दिली, का घालून दिली, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टी माणसं फार निष्ठेने पाळतात.

नवरा दुपारी परतला तो खुशीत.

"चित्र एकदम पसंत पडलं सगळ्यांना. फक्त माणसं जरा हसरी करा म्हणाले. रुग्णालय आहे, प्रसन्न वाटलं पाहिजे."

"नळाच्या रांगेत कोण हसतं?"

"आता ते मी कसं विचारणार?"

"आणि भिंतीचं?"

तो बूट काढून चपला शोधू लागला. चपला समोरच होत्या. "राहिलं बघ. पुढच्या वेळी नक्की."

राहिलं नव्हतं. प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता. पण अध्यक्ष म्हणतील, इतकी वर्षं भिंती सजवताय आणि हे आम्हाला विचारता? आणि उलट त्यांनीच काही विचारलं, ओली भिंत असेल तर काय करता म्हणून, तर उत्तर काय देणार? जे काम आपण केलेलं नाही, त्याबद्दल साधा प्रश्न विचारायचीही चोरी असते. त्याने तो प्रश्न गिळला आणि वर मंडळाचा चहा प्याला.

सूनबाईने रांगेतल्या दोघांना हसवलं. बादलीवाल्या बाईला हात लावला नाही.

उत्तर आलंच नाही, तेव्हा सूनबाईने माल घरीच कालवला, नेहमीसारखा, कोरड्या भिंतीसाठी असतो तसा. नवऱ्याने कागद नेऊन भिंतीवर दाबला आणि चित्र लागलं. उद्घाटनाला सूनबाई आणि सासूबाई शेवटच्या रांगेत बसल्या. पडदा सरकला आणि आपण महिनोन्‌महिने पालथी पाहिलेली रांग सूनबाईला पहिल्यांदा सुलटी दिसली. बाजूला पितळी पाटी होती. तिच्यावर "कलाकार" असं लिहून खाली नवऱ्याचं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिनेही वाजवल्या. आपल्याच कामाला परक्यासारखी टाळी वाजवताना कसं वाटतं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

वर्ष उलटायच्या आत भिंत फुगली. एके दिवशी सकाळी चित्राचा मधला भाग खाली आला. खाली फरशी पुसत असलेल्या, रुग्णालयातल्या सफाईवाल्या मावशीच्या पायावर तो पडला आणि पायाचं हाड मोडलं. मग वरातीमागून घोडं आलं. मंडळाची माणसं आली, फोटो निघाले, आणि चौकशी समिती नेमली गेली. भिंतीच्या मागे वरच्या मजल्याची मोरी निघाली, तिचा पाइप कधीचा गळत होता.

त्या संध्याकाळी नवरा मंडळातून घरी आला आणि शर्ट न बदलताच टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "उद्या तुला बोलावलंय."

"मला? कुठे?"

"मंडळात. ते माल कुणी कालवला विचारत होते. मी म्हटलं, घरातून आला होता... बायकोने कालवला होता."

सूनबाईने हातातली पकड खाली ठेवली.

"तोंडातून निघून गेलं गं."

"पाटी लावताना कसं नाही निघून गेलं तोंडातून?"

त्याचा जीव तिच्यावर होता, हेही खरं. पण जीव असूनही माणूस खापर फोडायला सर्वांत जवळचं डोकं शोधतो, आणि ते बहुधा बायकोचं असतं.

सासूबाई कप विसळत होत्या. "काय लिहून मागतील ते देऊन ये," त्या म्हणाल्या. "घराचं नाव राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आयुष्य काढलं तसंच."

"तसंच म्हणजे कसं, आई?"

विसळलेला कप सासूबाईंनी पुन्हा विसळला.

दुसऱ्या दिवशी मंडळात जायच्या आधी सूनबाई एकटी रुग्णालयात गेली. मावशी खाटेवर होती, पाय प्लास्टरमध्ये.

"कोण हो तुम्ही?"

"मी... ती भिंत मी केली." वाक्य बाहेर पडलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. जन्मात पहिल्यांदा ती हे बोलली होती, आणि तेही जिचा पाय मोडला तिच्यापुढे. "माझ्यामुळे लागलं तुम्हाला."

मावशी तिच्याकडे पाहत राहिली. "तुम्ही केली? तरीच! रोज पुसायचे मी ती. त्या बादलीवालीने कडी दोनच बोटांनी धरलीय. कातडी सोलली की धरतो ना आपण, तश्शी. म्हटलं, पुरुषाला हे कुठून सुचलं?" मग हसून म्हणाली, "आणि नेमकी तीच बया पडली माझ्या पायावर."

सूनबाईला हसूही आलं आणि रडूही.

"आलात ते बरं केलंत," मावशी म्हणाली. "भिंतीचे फोटो काढायला खूप आले. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही."

मंडळाच्या सभागृहात लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या त्या टोकाला अध्यक्ष. शेजारी सचिवबाई नोंद घेत होत्या. नवरा आधीच येऊन बसला होता. अध्यक्ष आवाज मऊ करून बोलले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"बसा, बसा. घाबरायचं काही नाही. मदतनीस म्हणून तुम्ही माल कालवला, त्यात प्रमाण चुकलं. एवढं लिहून दिलंत की प्रकरण मिटलं. घराची नोंदणी शाबूत राहील. पुढच्या महिन्यात रुग्णालयात मोठे पाहुणे यायचेत, तेवढ्यात ती मधली जागा भरून द्या म्हणजे झालं."

"मदतनीस नाही," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"भिंत मी केली. सगळी. चित्र माझं, तुकडे माझे, माल माझा. चुकलंय ते माझं म्हणून लिहा, मी नाही म्हणत नाही. त्या मावशींना मी तसं सांगून आलेय. पण आधी भिंत माझी म्हणून लिहा, मग चूक माझी म्हणून लिहा. भिंत त्यांची आणि चूक तेवढी माझी, असं नाही चालणार."

टेबलाशी बसलेल्या एका सदस्याने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"आणि मी विचारलं होतं," ती म्हणाली. "भिंतीच्या मागे काय आहे, असं दोनदा विचारलं होतं. या टेबलापर्यंत तो प्रश्न आलाच नाही. मला यायची सोय नव्हती, आणि जे येत होते त्यांना विचारायची लाज वाटत होती. त्या लाजेपायी एका बाईचा पाय मोडला साहेब."

अध्यक्ष नवऱ्याकडे वळले. "खरं आहे हे?"

सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं. एक "हो" म्हणायचं होतं फक्त. नवऱ्याने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं. "तसं... घरात आम्ही सगळे मिळूनच करतो," तो म्हणाला.

सचिवबाई लिहिता लिहिता थांबल्या. "साहेब, आपल्याला माहीतच असतं की हे. बऱ्याच घरांत असंच आहे."

"माहीत असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं," अध्यक्ष म्हणाले. आता मऊपणा ओसरला होता. "नियमात एका कामाला एकच नोंदणीकृत कलाकार आहे. बाई, तुमचं म्हणणं नोंदवायचं तर तुमच्या घराने आजवर खोटं सांगितलं असं होईल. नोंदणी रद्द होऊ शकते. विचार करा."

"केलाय," सूनबाई म्हणाली. "मदतनीस म्हणून मी सही करणार नाही. आणि ती जागाही भरणार नाही. ज्या दिवशी मला त्या भिंतीसमोर उभं करून, काय करायचं ते मलाच विचाराल, त्या दिवशी भरीन."

"हा मुद्दा पुढील बैठकीत घेऊ," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी समोरचा कागद पालथा घातला.

जिन्यात नवरा म्हणाला, "मी काय बोलणार होतो सगळ्यांसमोर?" घरापर्यंत दोघं मागेपुढे चालत राहिली.

पुढील बैठक झाली. त्यात मुद्दा त्याच्या पुढच्या बैठकीवर गेला. पाहुणे येऊन गेले. त्या दिवसापुरता भिंतीच्या त्या जागेवर पडदा लावला होता, मग तो काढून नेला. घरात नवीन काम आलं नाही. सासूबाई सुनेशी कामापुरतं बोलत. नवरा पांढरा शर्ट घालून उगाच बाहेर जाऊन येई.

एके दिवशी सासूबाई अचानक म्हणाल्या, "डोळे दाखवायचेत. रुग्णालयात ने मला."

प्रतीक्षागृहात गर्दी होती. सासूबाई डोळे तपासणीच्या खिडकीकडे वळल्याच नाहीत, सरळ भिंतीपाशी गेल्या. रांग दोन्ही बाजूंना उभी होती, आणि मध्ये सिमेंटची उघडी जागा. सासूबाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या जागेवर आपला तळवा टेकवला. काचेने वर्षानुवर्षं चिरलेला तो तळवा याआधी कुठल्याही भिंतीला लागला नव्हता.

"ओलीच आहे गं अजून," त्या म्हणाल्या. "इतक्या बैठका झाल्या, आणि पाइप कुणी बदलला नाही."

बाकावर बसलेला एक म्हातारा तोंड वाकडं करून म्हणाला, "कामं बघा कशी करतात! कुणी केलंय हो हे?"

सूनबाईने मान खाली घातली. सासूबाईंनी नाही घातली.

"माझ्या सुनेने केलंय," त्या म्हणाल्या, सगळ्या प्रतीक्षागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात. "भिंत ओली आहे का म्हणून ती विचारत होती, तेव्हा तिला मीच गप्प बसवलं. आणि चौकातलं कारंजं पाहिलंत ना, निळ्या माशांचं? त्यावर माझ्या यजमानांचं नाव आहे. ते मी केलंय. त्यांना पकड धरता यायची नाही."

म्हातारा दोघींकडे पाहत राहिला. मग बाकावर थोडा सरकला आणि त्याने त्यांना बसायला जागा करून दिली. सासूबाई बसल्या. आपला ओला तळवा त्यांनी पुसला नाही, तसाच मांडीवर उताणा ठेवला. सूनबाई शेजारी बसली, आणि दोघी समोरची भिंत पाहत राहिल्या.

पितळी पाटी अजून तिथेच आहे. भिंत अजून ओली आहे. मंडळाची पुढची बैठक व्हायची आहे.